उजव्या भुवईमागचं हाड

९ जानेवारी, मंगळवार

आज पुन्हा फ्रेम वाकवली. स्वतःचीच! या चष्म्याला काय धाड भरलीय कळत नाही. उजवी काच पापण्यांना घासते, तासातासाला पुसावी लागते. काडी वाकवून काच बाहेर काढली की चष्मा तिरका दिसतो. दिवसभर लोकांच्या नाकावर चष्मे सरळ बसवून द्यायचे आणि आपला हा असा. एक बाई तोंडावर म्हणाल्या, "अहो, आधी तुमचा बघा की!" सगळं दुकान हसलं. मीही हसलो. दुसरं काय करणार?

ही तिसरी फ्रेम. पहिली स्वस्तातली होती म्हणून टाकून दिली. दुसरी मालकांनी कंपनीशी भांडून बदलून आणली. तिसरीचीही तीच रड. हल्ली मालच चांगला येत नाही.

घरी आल्यावर कुणाशी बोललो नाही. बोलायला आहे कोण! कुलूप उघडताना किल्ली अडकली तेव्हा कुलपाला "काय रे" म्हणालो. आजचं घरातलं बोलणं एवढंच.

१३ जानेवारी

जिना उतरताना पायऱ्या दोन-दोन दिसल्या. एकीखाली एक. कठडा धरून उभा राहिलो. डोकं वगैरे काही दुखत नाही, चक्कर नाही. फक्त खालचं जग आणि त्याच्या खाली आणखी एक जग.

दुपारी नंबरवाली डबा खायला गेली — आतल्या काळोख्या खोलीत गिऱ्हाइकांच्या डोळ्यांचे नंबर काढते ती मुलगी. नाव चांगलं आहे तिचं, पण दुकानात कुणी घेत नाही — तेव्हा गुपचूप तिच्या खुर्चीत बसलो. दिसणारं वर-खाली सरकवणाऱ्या प्रिझमच्या काचा एकामागून एक डोळ्यापुढे धरून पाहिल्या. एका काचेशी दोन्ही जगं एकमेकांवर येऊन बसली. संध्याकाळी तीच काच घासून चष्म्यात घातली. झालं! डॉक्टरकडे जाऊन रांगेत बसा, फी भरा, कशाला? इतकी वर्षं घासलीत या धंद्यात ती काय उगाच?

१४ जानेवारी, रविवार

सुट्टी. दिवसभर घरात. चष्मा झकास.

२२ जानेवारी, सोमवार

ओळखपत्राची मुदत संपली म्हणून फोटो काढायला गेलो. फोटोवाला पोरसवदा, पण तोंडाने भारी.

"काका, मान सरळ करा."

"सरळच आहे."

"थोडी डावीकडे. नाही, जास्त झाली. हनुवटी खाली. काका, चष्मा काढा बरं." मग कॅमेऱ्यामागून डोकं बाहेर काढून म्हणाला, "मान सरळ आहे हो. चेहराच तिरका आहे."

मी म्हटलं, "जन्मापासून असाच आहे."

"कशाला थापा मारता? हे बघा ना जुनं कार्ड. सरळ आहे की." आणि लगेच, "टेन्शन नका घेऊ, कॉम्प्युटरवर सरळ करून देतो. दोन मिनिटांचं काम."

दिले सरळ करून. पाकिटात सरळ चेहऱ्याचे फोटो घेऊन बाहेर पडलो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि परत फिरलो. म्हटलं, न सुधारलेला एक द्या. तो माझ्याकडे बघतच राहिला.

२३ जानेवारी

जुनं कार्ड आणि न सुधारलेला फोटो शेजारी ठेवून बसलोय.

उजवा डोळा खाली आलाय. नुसता खाली नाही, जरा बाहेरही आलाय. भुवईच्या आतल्या कोपऱ्यावर बोट दाबलं तर तिथे टणक लागतं. डावीकडे तसं नाही. एवढं सगळं माझ्या चेहऱ्यावर चाललंय आणि मला पत्ता नाही! आरशात रोज बघतो की. पण आरशात आपण दाढी बघतो, चेहरा कुठे बघतो.

म्हणजे फ्रेम सरळ होती. तिन्ही सरळ होत्या! मी मूर्ख, चेहरा सरकतोय आणि काड्या वाकवत बसलो. वर प्रिझम घालून सगळं झाकून टाकलं. दुसरा कुणी असता तर दोन-दोन दिसल्याबरोबर घाबरून डॉक्टरकडे पळाला असता. मला घाबरता आलं नाही, कारण मला काच घासता येते.

रोज एवढे चेहरे वीतभर अंतरावरून बघतो मी. कुणाचा एक कान वर, कुणाचं नाक किंचित डावीकडे, बघताक्षणी कळतं. माझा चेहरा वीतभरावरून शेवटचा कुणी पाहिला? आईने. तिला भरवायला वाकायचो तेव्हा. शेवटी शेवटी तिला फार कळत नव्हतं, तरी हे कळलं असतं. म्हणाली असती, अरे, डोळ्याला काय झालं तुझ्या? तिला जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर या घरात माझ्याकडे कुणी पाहिलेलंच नाही. हे लिहिताना वाईट वाटतंय. वाटू दे.

२४ जानेवारी

नंबरवालीला फोटो दाखवला. तिने हात धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं. माझा चष्मा काढून मशीनखाली धरला आणि एकदम भडकली.

"काका, हे प्रिझम कुणी दिलं?"

"मीच."

"कुणाला विचारून?"

"मलाच."

"वा! गिऱ्हाइकाने असं केलं असतं तर तुम्ही त्याला फाडून खाल्लं असतं!"

मग मोजपट्टी लावून डोळा किती सरकलाय ते मोजलं. मोजताना ओठ घट्ट मिटले होते तिने. मला म्हणाली, "रोज समोरासमोर बसून चहा पितो आपण. मला कसं दिसलं नाही?" मी म्हटलं, हळूहळू झालं की रोज बघणाऱ्याला दिसत नाही, तुझी काय चूक. तिला समजावता समजावता मलाच रडू यायला लागलं, म्हणून बाहेर येऊन एका म्हाताऱ्याचं नाकाचं पॅड बदललं. बदलायची गरज नव्हती.

१ फेब्रुवारी, गुरुवार

स्कॅन झाला. डॉक्टरांनी पडद्यावर माझी कवटी दाखवली. भुवईमागे हाडात पोकळी असते, सगळ्यांनाच असते. माझ्या उजव्या पोकळीत एक पांढरा, खडबडीत गोळा. बोराएवढा. त्यातला काही भाग खाली डोळ्याच्या घरात उतरलाय आणि डोळ्याला ढकलतोय.

मी विचारलं, "कॅन्सर?"

"नाही हो. ऑस्टिओमा. हाडाचीच साधी गाठ. हाडाने उगाच आणखी हाड तयार केलं. कुठे पसरत नाही, काही नाही. वर्षानुवर्षं हळूहळू वाढते. बहुतेकांना तर पत्ताच नसतो. सर्दीसाठी एक्स-रे काढतात आणि सापडते, आम्ही म्हणतो राहू दे."

"मग माझीही राहू दे की."

"तुमची नाही राहू देता येणार. डोळ्याची शीर इथून जाते." त्यांनी पेनाने दाखवलं. "आज नजर शाबूत आहे. गाठ आणखी मागे सरकली तर नजर जाईल. आणि गेलेली परत येत नाही."

माझा धंदाच नजरेचा!

डॉक्टर तसे मजेदार आहेत. म्हणाले, "या गाठीचे पेशंट कुणी डोकेदुखी घेऊन येतं, कुणी चोंदलेलं नाक. एका बाईंना नुसतं डोळ्यातून पाणी यायचं. पण चष्मा तिरका बसतो म्हणून तीन फ्रेम्स बदलणारा मी पहिल्यांदाच बघतोय." मग विचारलं, की आमच्या डॉक्टरांच्या सभेत तुमचे फोटो दाखवले तर चालेल का. मी ताबडतोब हो म्हटलं. खोलीभर माणसं माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघणार! लाज वाटायला हवी होती, बरं वाटलं.

उठताना विचारलं त्यांनी, "सोबत कोण आलंय?"

"आज एकटाच आलोय." आज, म्हणे!

५ फेब्रुवारी

भरती होण्याच्या खिडकीवरच्या बाई. तोंड वर न करता —

"सोबत राहणाऱ्याचं नाव?"

"मी एकटाच आहे."

"एकटं चालत नाही. ऑपरेशन डोळ्याच्या जवळचं, भूल द्यायची. रात्री कुणी थांबायला लागतं, घरी न्यायला लागतं. बायको?"

"नाही."

"मुलगा, मुलगी?"

"बायकोच नाही म्हटलं ना."

मागच्या रांगेतला एक जण हसला. बाई मात्र हसल्या नाहीत. पेन खाली ठेवून पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, बहीण, शेजारी, कुणीतरी असेलच ना हो?" ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. मी म्हटलं, सांगतो. बारा तारीख दिलीय.

८ फेब्रुवारी

मालकांना सांगितलं. रजा लगेच मंजूर. "पैशाची काळजी करू नका, दुकानाची करू नका, ठणठणीत होऊन या." माणूस चांगला आहे. सोबत थांबाल का हे विचारायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंतर पुन्हा उघडलं नाही.

नंबरवाली आपणहून म्हणाली, मी थांबते. तिचं बाळ सहा महिन्यांचं. अंगावर पितं. मी म्हटलं, वेड लागलंय का तुला?

शेजारचे काका स्वतःच काठी घेऊन चालतात. त्यांना मी धरून आणायचं की त्यांनी मला?

१० फेब्रुवारी, शनिवार

ताई आहे. लिहून टाकतो एकदाचं. सख्खी मोठी बहीण आहे मला, बसने पाच तासांवर राहते, हातीपायी धड आहे. पण तिला मी सांगणार नाही.

आई अंथरुणाला खिळून नऊ वर्षं होती. कूस बदलणं, धुणं, भरवणं, सगळं मी. दुकान सांभाळून. ताई यायची, दोन दिवस राहायची, रडायची, जायची. त्याबद्दल काही नाही, तिलाही संसार होता. पण आईच्या शेवटच्या आठवड्यात याच स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली, "तुझं बरंय रे. एकटा जीव. तुला कुणाची काळजी नाही."

मला कुणाची काळजी नाही! आत आईचे ओले कपडे बादलीत होते.

मी काहीच बोललो नाही. भांडलो असतो तर मिटलंही असतं. फोन कमी केले. ती करायची तेव्हा "हो, बरंय, ठेवतो". मग तीही कमी करत गेली. आता वर्षातून एकदा, दोघंही घाईत असल्यासारखे. तिच्यापुढे जाऊन म्हणू, ताई, मला सोबतीला कुणी नाही? म्हणजे तिचंच खरं झालं की. जीव गेला तरी नाही म्हणणार.

११ फेब्रुवारी

हॉस्पिटलला कळवलं — बहीण परगावी आहे, तारीख पुढची द्या. म्हणजे खोटंही नाही.

१२ फेब्रुवारी

आज ऑपरेशन व्हायचं होतं. दुकानात गेलो. मालक चाट पडले. नंबरवालीने दिवसभर अबोला धरला. चहा आला तेव्हा माझा कप तिने असा आपटला, की अर्धा टेबलावर.

१५ फेब्रुवारी

डॉक्टरांनी स्वतः फोन केला. मजा वगैरे नाही. "गाठ साधी आहे म्हणून तुम्ही ती साधी धरून चालू नका. तुमच्या डोळ्यामागे जागा उरलेली नाही. बावीसला येताय." मी म्हटलं, सोबतीचं जमत नाहीये. ते म्हणाले, "जमवा."

सकाळी डावा डोळा झाकून घड्याळ बघत होतो. लाल काटा जरा मळकट दिसला. की तसाच होता आधीपासून? डावा उघडून पाहिला, लालभडक. पुन्हा झाकला. मळकट.

घाबरलो. आता कुठलीही काच घासून हे सरळ होणार नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

ताईला फोन केला.

पहिला फोन वाया. तिने उचलला, "कोण? तू? काय रे, सगळं ठीक ना?" मी म्हटलं, हो हो, ठीक. भाऊजींचा गुडघा कसा आहे? गुडघा बरा आहे म्हणाली. भाची कशी आहे? भाची बरी. तिकडे थंडी आहे? आहे थोडी. बरं, ठेवतो. ठेवला!

खुर्चीत बसून स्वतःला शिव्या दिल्या. नजर जायची वेळ आलीय आणि हा थंडी विचारतोय. पुन्हा लावला. तिने हॅलो म्हणायच्या आत बोलून टाकलं, "ताई, माझ्या कपाळात हाड वाढलंय. ऑपरेशन आहे. हॉस्पिटलवाले सोबत कोण विचारतायत. मला कुणी नाही."

ती एकदम ओरडली, "आणि हे तू मला भाऊजींच्या गुडघ्यानंतर सांगतोस?"

परवा येतेय.

१९ फेब्रुवारी

दार उघडलं. ताई. केस पांढरे झालेत सगळे, मला कुणी सांगितलंच नव्हतं. हातात फुगलेली पिशवी, धाप लागलेली. पिशवी खाली ठेवायच्या आधीच तिने माझी हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला आणि म्हणाली, "डोळा खाली आलाय की रे तुझा."

एका क्षणात! फोटो नाही, पट्टी नाही, स्कॅन नाही.

"किती वर्षं झाली हे?"

"डॉक्टर म्हणतात, चार-पाच तरी."

तिने हनुवटी सोडली नाही. तिचे डोळे भरून आले आणि मला संताप आला. सहा वर्षांनी येऊन रडायचं! म्हटलं, चहा टाकतो. ती म्हणाली, तू बस, मी टाकते. साखर कुठे आहे विचारत तिने तीन डबे उघडले आणि तिसरा उघडून म्हणाली, "छोट्या, या डाळीत किडे झालेत."

बावन्न वर्षांचा छोट्या.

२१ फेब्रुवारी, बुधवार

भरती झालो. खिडकीवरच्या बाईंनी विचारलं, सोबत? ताई माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "मी! बहीण! सख्खी!" बाई माझ्याकडे बघून हसल्या.

शेजारच्या खाटेवर पंचविशीतला न्हावी. उजव्या हाताचं मधलं बोट टोकाला सुजून टपोरं. भोवती बायको, आई, सासू, मावशी, मेहुणा — खाटेवर त्यालाच जागा नाही. दोन वर्षं झाली म्हणे बोट ठणकतंय. सगळ्यांनी नखुरडं समजून औषधं दिली, दोनदा नख काढलं, काही नाही. रात्री ठणका, गोळी घेतली की बंद, उतरली की पुन्हा. त्या गोळीवरूनच इथल्या डॉक्टरांना संशय आला. हाडाच्या आत तांदळाच्या कणाएवढी गाठ सापडली. तीही हाडाचीच, तीही साधी. दोन वर्षं त्याने कैची डाव्या हाताने चालवली. "चार गिऱ्हाइकांचे कान थोडक्यात वाचले," म्हणाला.

माझी गोष्ट ऐकून खूश झाला. "म्हणजे काका, आपण दोघं एकाच घराण्यातले! तुमचं एवढं मोठं आणि दुखत नाही, माझं एवढुसं आणि जीव घेतं."

त्याचं रात्री दुखायचं तेव्हा सगळं घर जागं व्हायचं, त्याची आई सांगत होती. आळीपाळीने बोट धरून बसायचे. मला हेवा वाटला. दुखणाऱ्या बोटाचा! माझंही दुखलं असतं तर कुणाला तरी सांगितलं असतं. न दुखणारं काय सांगणार?

ताईने "छोट्या, पाणी पी" म्हटल्यापासून त्या सगळ्या खानदानाने मला छोटे काका म्हणायला सुरुवात केलीय.

२२ फेब्रुवारी, सकाळ

न्यायला आलेत. ताई चष्मा मागतेय. देतो आणि जातो.

२५ फेब्रुवारी, रविवार

घरी. दोन दिवस लिहिता येत नव्हतं. उजवी बाजू एवढी सुजलीय, की डोळा म्हणजे नुसती चीर.

भुवईतून चिरून गाठ पूर्ण काढली. शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी पापण्या उघडून दिव्याचा झोत मारला, विचारलं, "काय दिसतं?" म्हटलं, "तुम्ही. एकच." ते हसले. नंतर म्हणाले, नजर शाबूत आहे.

ताई तिथे खुर्चीत बसून होती. सलग. नर्स म्हणाली, आजी, घरी जाऊन अंघोळ तरी करून या. ताई म्हणाली, "आजी कुणाला म्हणतेस गं?" न्हाव्याच्या मावशीने तिला सकाळ-संध्याकाळ जेवायला घातलं म्हणे. न्हाव्याचं बोटही मोकळं झालं. निघताना डाव्या हाताने माझ्या दुसऱ्या भुवईकडे बोट करून म्हणाला, "हिलाही आकार देऊन घ्या, नाहीतर जोडी शोभायची नाही."

२७ फेब्रुवारी

रोज सकाळी ताई टाके पुसते. मला खिडकीशी बसवते, माझाच जुना चष्मा नाकावर चढवते — तिला लांबचं दिसत नाही आणि जवळचंही — आणि कापूस ओला करून एक-एक टाका. वीतभर अंतरावरून. तिचा श्वास गालाला लागतो. "हलू नकोस." "हलत नाहीये." "हलतोयस, लहानपणीसारखा."

बाकी दिवसभर भांडतो. तिने स्वयंपाकघराची वाट लावलीय. चहाचा डबा चहाच्या जागी नाही, चमचे कुठे गेले देव जाणे. माझ्या टॉवेलला फडकं म्हणाली आणि खरंच त्याने ओटा पुसला. आज एवढं बोललो की घसा बसलाय. वर्षभराचं एका आठवड्यात!

२९ फेब्रुवारी

टाके निघाले.

येताना रिक्षात हिंमत केली. म्हटलं, ताई, आई जायच्या आधी तू मला एक बोलली होतीस. एकटा जीव, तुला कुणाची काळजी नाही.

ती माझ्याकडे वळली. "मी? असं म्हणाले? कधी?"

तिला आठवतच नाही! नाटक नाही, खरंच आठवत नाही. मी जागा सांगितली, ओट्यापाशी, तुझ्या हातात पातेलं होतं. ती म्हणाली, "असेन म्हणाले. तेव्हा आईकडे बघवत नव्हतं, काय बोलत होते मलाच कळत नव्हतं." आणि मग, "त्यावरून तू सहा वर्षं...?"

मी बाहेर बघितलं. मला वाटलं होतं, ती माफी मागेल, किंवा भांडेल. मी एवढं जपून ठेवलेलं, आणि तिच्याकडे त्याची नोंदच नाही. फसवल्यासारखं वाटलं. घरी आल्यावर ती म्हणाली, "चुकलं माझं. पण तू पण गाढव आहेस." मी हो म्हटलं.

२ मार्च, शनिवार

ताई गेली. भाऊजी एकटे आहेत, भाचीकडेही जायचंय, तिलाही किती दिवस अडकवणार. बस सुटेपर्यंत खिडकीतून सूचना — डाळ चाळून घे, टॉवेल नवीन आण, धुळीत जाऊ नकोस. बस वळल्यावरही हात दिसत होता.

घर जागच्या जागी आहे. चमचे सापडले.

५ मार्च

डॉक्टरांकडे गेलो. गाठीचा तपासणीचा निकाल आला — साधीच. नुसतं हाड. डोळा जवळजवळ जागेवर आलाय, उरलेली सूजही जाईल. प्रिझम नको. जुना नंबर परत. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात दाखवायला येऊ? ते म्हणाले, "कशाला? एकदम वर्षाने या. तुम्ही बरे झालात!" हात मिळवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

७ मार्च

दुकानात टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी. नंबरवालीने नवी फ्रेम स्वतः निवडून ठेवली होती. स्वतः बसवली, दोन पावलं मागे जाऊन बघितली. सरळ! मालकांनी पेढेबिढे नाही पण सगळ्यांना चहा पाजला. सहा वाजता शटर पडलं, सगळे आपापल्या घरी.

मी पण.

९ मार्च

टॉवेल आणला.

ताईला फोन करावा असं रोज वाटतं. पण काय सांगणार? ठीक आहे, म्हणून सांगायला माणूस रोज फोन करतो का? परवा केला होता. "बरा आहेस ना? मग झालं," म्हणाली आणि तिचा कुकर झाला. चूक नाही तिची. बऱ्या माणसाशी आणखी किती बोलणार!

आज आरशात बराच वेळ पाहिलं. चेहरा छान सरळ आहे. बघायला कुणी नाही.

१२ मार्च, मंगळवार

डोकं अजिबात दुखत नाहीये. तरी दुपारी ताईला फोन केला आणि म्हटलं, दुखायला लागलंय.

"कुठे?"

"भुवईवर. डाव्या."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "बरं. उद्या निघते."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. ऑपरेशन उजवीकडे झालं होतं. टाके रोज तिनेच पुसले होते.